राष्ट्रीय विमान-कंपन्या आणि परकी चढाओढ

इ. स. २०२२ च्या जानेवारी महिन्याच्या २७ तारखेस ‘एअर इंडिया’ ही विमान-कंपनी भारत सरकारच्या हातून टाटांच्या उद्योगसमूहाकडे परत गेली. ‘परत’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. हें रोपटें त्याच घराण्यानें १९३२ सालीं लाविलें, सरकारनें तें १९५३ सालीं आपल्या वाडींत नेलें, आणि सुमारें अडुसष्ट वर्षांनीं मूळ धन्याच्या स्वाधीन केलें. त्या प्रसंगीं दोन प्रकारचे उद्गार ऐकूं आले. कित्येक म्हणाले, एकदांचें ओझें उतरलें; कित्येक म्हणाले, राष्ट्राचें निशाण मिरविणारी कंपनीही अखेर विकली गेली. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा होता. परंतु ज्या प्रश्नावर या वादाचा निकाल अवलंबून आहे तो प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. राष्ट्राच्या स्वतःच्या विमान-कंपन्यांस परकीयांच्या चढाओढीपासून संरक्षण मिळणें न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असल्यास तें कोणास, कोणापासून, व किती दिवस?

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. ज्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं नाहीं असें मध्यम वर्गाचें घर आतां विरळाच. मध्यरात्रीं मुंबईच्या विमानतळावर निरोप देण्यास जमलेल्या आईबापांकडे पाहावें. मुलगी शिक्षणाकरितां अमेरिकेस निघालेली असते, पण विमान बहुधा दुबईचें, अबूधाबीचें, दोह्याचें किंवा युरोपांतील एखाद्या नगरीचें असतें. तिकीट स्वस्त पडलें यांत त्यांस समाधान वाटतें, आणि तें योग्यच आहे. रत्नागिरीकडचा जो गृहस्थ आखातांत नोकरी करून घरीं पैसे पाठवितो, त्याला तर हजार-दोन हजारांचा फरकही जाणवतो. त्याला राष्ट्राभिमानाचें व्याख्यान ऐकवून महाग तिकीट घ्यावयास सांगणें हें खुर्चींत बसून लिहिणारांस सोपें आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार करतांना एका डोळ्यासमोर राष्ट्र व दुसऱ्या डोळ्यासमोर हा उतारू ठेवूनच तो केला पाहिजे.

संरक्षणाचा वाद आमच्याकडे नवा नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत खुल्या व्यापाराचे इंग्रजी सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळीं सारखेच लागू पडत नाहींत, हें त्यांनीं जर्मन पंडित लिस्ट याच्या विचारांचा आधार घेऊन मांडिलें. पुढें १९२१-२२ सालीं सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालीं फिस्कल कमिशन बसलें. त्यानें संरक्षण मागणाऱ्या धंद्यास तीन कसोट्या लाविल्या. त्या धंद्यास देशांत नैसर्गिक अनुकूलता असावी, ही पहिली. संरक्षणावांचून तो मुळींच वाढणार नाहीं, किंवा राष्ट्रहितास पाहिजे तितक्या वेगानें वाढणार नाहीं, अशी स्थिति असावी, ही दुसरी. आणि कालांतरानें संरक्षण काढून घेतलें तरी जगाच्या चढाओढींत तो स्वतःच्या पायांवर उभा राहील असा संभव असावा, ही तिसरी. अध्यक्षांसह पांच हिंदी सभासदांस हें माप फार कृपण वाटलें व त्यांनीं आपली भिन्नमतपत्रिका जोडली. पण कसोट्या म्हणून या तीन गोष्टी आजही कामाच्या आहेत. याच धोरणाखालीं १९२४ सालीं पोलादाच्या धंद्यास संरक्षण मिळालें, आणि तो धंदा तगला.

विमानांच्या धंद्यास या कसोट्या लावून पाहण्यापूर्वीं समुद्राकडे एक दृष्टि टाकणें जरूर आहे. कारण आकाशांत जें घडलें त्याची रंगीत तालीम आधीं समुद्रावर झाली होती. चिदंबरम् पिल्ले यांनीं १९०६ सालीं तुतिकोरिन व कोलंबो यांच्या दरम्यान स्वदेशी आगबोटी सुरू केल्या, तेव्हां ब्रिटिश इंडिया कंपनीनें भाडें इतकें उतरविलें कीं स्वदेशी कंपनीस टिकाव धरणें अशक्य झालें. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट १९१९ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस मुंबईहून विलायतेस निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा व फिस्कल कमिशनच्या भिन्नमतपत्रिकेवर सही करणाऱ्या नरोत्तम मोरारजी यांचा त्या उद्योगांत पुढाकार होता. त्यांच्याही वाट्यास तोच अनुभव आला. ज्याच्याजवळ शंभर बोटी आहेत तो एका मार्गावर वर्षभर तोटा सोसूं शकतो. ज्याच्याजवळ तीन आहेत तो बुडतो. आणि तो बुडाल्यावर भाडें पुन्हां चढतें. शेवटीं १९२३ सालीं सिंदिया कंपनीस आपल्या बोटींची संख्या व मार्ग आंखून घेणारा करार प्रतिपक्षाशीं करावा लागला. किनाऱ्यावरील व्यापार हिंदी बोटींसाठीं राखून ठेवावा म्हणून साराभाई हाजी यांनीं १९२८ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणिलें. पण तो व्यापार प्रत्यक्ष राखला गेला तो स्वराज्य आल्यावरच. यावरून एक गोष्ट निश्चित होते. जेथें एक पहिलवान व दुसरा पोर, तेथें ‘खुली कुस्ती’ हा शब्द न्यायाचा नव्हे, केवळ सोयीचा असतो.

आतां आकाशाकडे वळूं. इंग्लंडची ‘इंपीरियल एअरवेज’ ही कंपनी १९२४ सालीं निघाली तीच मुळीं सरकारी वर्षासनावर. दहा वर्षांत दहा लक्ष पौंडांची मदत तिला बांधून दिलेली होती. १९२९ च्या मार्चअखेर तिचीं विमानें लंडनहून कराचीस येऊं लागलीं. पुढील तीनचार वर्षांत डच व फ्रेंच कंपन्यांचीं विमानेंही आपापल्या वसाहतींकडे जातांना हिंदुस्थानावरून उडूं लागलीं. अशा स्थितींत १९३२ च्या आक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनीं एक लहानसें ‘पस मॉथ’ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर, आणिलें. आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं टपाल पुढें बल्लारीवरून मद्रासेस नेलें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून त्या दिवसांत पुण्याहून काम चालवावें लागे. या उद्योगास हिंदुस्थान सरकारनें वर्षासन दिलें नाहीं. टपालाच्या वजनावर जें मिळेल तेवढ्यावर त्यांनीं भागवावयाचें होतें. उलट पुढल्याच वर्षीं हिंदुस्थानावरून पूर्वेकडे जाणाऱ्या मार्गासाठीं जी संयुक्त कंपनी निघाली, तिच्यांत निम्म्याहून अधिक भाग इंपीरियलचा होता व कांहीं भाग खुद्द हिंदुस्थान सरकारचा. खुल्या व्यापाराचें तत्त्वज्ञान कोणासाठीं होतें व वर्षासन कोणासाठीं होतें, हें यावरून दिसून येईल.

येथें एका शास्त्रीय गोष्टीचा खुलासा केला पाहिजे, नाहीं तर पुढील विवेचन समजणार नाहीं. कापडास किंवा पोलादास संरक्षण द्यावयाचें म्हणजे बंदरावर जकात बसवावयाची. विमानास जकात बसवितां येत नाहीं. तेथें संरक्षण म्हणजे परवानगी. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट दिसूं लागला तेव्हां, १९४४ च्या नोव्हेंबरांत, शिकागो येथें ५२ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. अमेरिकेजवळ विमानें होतीं, वैमानिक होते, पैसा होता. तिला आकाश मोकळें पाहिजे होतें. इंग्लंडचीं साधनें युद्धांत खर्चीं पडलीं होतीं. त्याला फेऱ्यांची वांटणी करून देणारी जागतिक संस्था पाहिजे होती. एकमत झालें नाहीं. मात्र एक तत्त्व ठरलें: प्रत्येक राष्ट्राच्या भूमीवरील आकाशावर त्या राष्ट्राची पूर्ण व अनन्य सत्ता आहे. म्हणून कोणत्याही देशाचें विमान आमच्याकडे उतारू घेण्यास येणार असेल तर त्या देशाशीं आमचा करार पाहिजे; आणि त्या करारांत आठवड्यास किती फेऱ्या किंवा किती जागा हें ठरलेलें पाहिजे.

या हक्कांस ‘स्वातंत्र्यें’ असें म्हणतात व त्यांस अनुक्रमांक आहेत. दुसऱ्याच्या देशावरून नुसतें उडून जाणें हें पहिलें. तेल भरण्यास किंवा दुरुस्तीस उतरणें हें दुसरें. आपल्या देशांतील उतारू परदेशीं नेणें हें तिसरें. तेथील उतारू आपल्या देशीं आणणें हें चौथें. आणि वाटेंत दोन परकी देशांमध्यें उतारू वाहणें हें पांचवें. व्यवहारांत एक सहावेंही निर्माण झालें: मुंबईचा उतारू आपल्या राजधानींत उतरवावयाचा व दुसऱ्या विमानांत बसवून न्यूयॉर्कास पोंचवावयाचा. कागदोपत्रीं हे दोन निराळे प्रवास दिसतात. वस्तुतः तो एकच. सिंगापूर व आखातांतील लहान संस्थानें यांचें विमान-वैभव या सहाव्या स्वातंत्र्यावर उभें आहे. त्यांचे घरचे उतारू मोजके. वाहतात ते बहुतांशीं दुसऱ्यांचे, आणि त्यांत आमचे पुष्कळ.

स्वराज्याच्या पहिल्या वर्षांत या बाबतींत जें धोरण आंखलें गेलें तें आमच्या मतें आजवरच्या सर्व धोरणांत शहाणपणाचें होतें. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही कंपनी १९४८ च्या मार्चांत स्थापन झाली. तिच्यांत सरकारचा भाग शेंकडा ४९ होता व आणखी दोन भाग घेण्याचा हक्क सरकारनें राखून ठेविला होता. चालविणारे मात्र टाटा. पहिल्या पांच वर्षांत तोटा आला तर तो सरकारनें सोसावयाचा, असें ठरलें. त्याच वर्षीं जूनच्या ८ तारखेस ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनास गेलें. वाचकांनीं या कराराचें स्वरूप लक्षांत घ्यावें. मदत होती, पण तिला मुदत होती. सरकार भागीदार होतें, पण कारभारी नव्हतें. आणि परकी विमानांस दार बंद केलेलें नव्हतें, तीं शेजारींच उभीं होतीं.

तथापि दार सताड उघडेंही नव्हतें. अमेरिकेशीं १९४६ सालीं झालेल्या करारान्वयें तिच्या दोन मोठ्या कंपन्या हिंदुस्थानांत येत असत. येथून जितके उतारू मिळत त्या मानानें त्यांनीं आणिलेल्या जागा फार होतात, व त्यामुळें आमच्या कोंवळ्या कंपनीची गळचेपी होते, असें भारत सरकारचें म्हणणें पडलें. बोलणीं फिसकटलीं, तेव्हां भारतानें १९५४ सालीं नोटीस देऊन तो करारच संपविला, आणि १९५६ सालीं नवा केला. अमेरिकेसारख्या राष्ट्राचा करार नवजात प्रजासत्ताकानें परत करावा ही लहान गोष्ट नव्हती. फिस्कल कमिशनची दुसरी कसोटी येथें पुरी लागू पडते, आणि असें संरक्षण न्याय्यच म्हटलें पाहिजे.

आतां दुसरी बाजू. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचीं ‘डाकोटा’ विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं, आणि देशांत विमान-कंपन्यांचें पीक आलें. परवाने सैल हातानें वांटले गेले. उतारू थोडे व कंपन्या फार अशी अवस्था झाली. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमण्यांत आली. तिनें कंपन्या एकत्र करून त्यांची संख्या कमी करावी असें सुचविलें. राष्ट्रीयीकरणाची घाई करूं नये असें तिचें मत होतें. पण सरकारनें दुसरा मार्ग धरिला. १९५३ च्या आगस्टच्या पहिल्या तारखेस आठ कंपन्या मिळून ‘इंडियन एअरलाइन्स’ हें देशांतर्गत महामंडळ झालें, व एअर इंडिया इंटरनॅशनलचें परदेशगामी महामंडळ झालें. टाटांनीं या पद्धतीचा निषेध केला. तरीही परदेशगामी महामंडळाचें अध्यक्षपद पत्करून तें १९७८ पर्यंत संभाळलें.

यानंतरची चाळीस वर्षें म्हणजे एक आयताच प्रयोग होय, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकास असा प्रयोग क्वचितच मिळतो. सरकार एक, कायदा एक, पगाराचे नियम बहुतेक एक. मुख्य फरक हा कीं एका महामंडळापुढें जगांतील सर्व कंपन्या उभ्या होत्या व दुसऱ्यापुढें कोणीही नव्हतें. परदेशगामी महामंडळानें १९६० सालीं आशियांत सर्वांआधीं जेट विमान आणिलें, दोनच वर्षांत आपला सर्व ताफा जेटचा केला, आणि त्याच्या ‘महाराजा’ची कीर्ति दूरवर पसरली. देशांतल्या महामंडळाच्या उतारूस मात्र जें मिळेल तें गोड मानून घ्यावें लागे; दुसरीकडे जावें असें दुसरें स्थळच नव्हतें. न्यायाकरितां हेंही सांगितलें पाहिजे कीं लडाख व ईशान्येकडील डोंगराळ मुलूख, जेथें कोणी नफेखोर फिरकला नसता, तेथें त्याच महामंडळानें विमानें नेलीं. तरी निष्कर्ष टळत नाहीं. संरक्षणानें मनुष्य जगतो, पण कसरतीनेंच बळकट होतो. आणि कसरत करावयास समोर कोणी तरी लागतो.

संरक्षणाच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा १९९० सालचा आहे. इराकनें कुवेत घेतलें, आणि एक लाखाहून अधिक हिंदी लोक तेथें अडकले. आगस्टपासून आक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनीं अम्मानहून सुमारें पांचशें फेऱ्या करून त्यांस घरीं आणिलें. परकी कंपनी हें काम करीत नाहीं, कारण तिला तें करावयास सांगणारा कोणी नसतो. ज्या घरचा माणूस त्या विमानांतून उतरला त्या घरीं ‘राष्ट्रीय विमान-कंपनी काय कामाची?’ असें विचारण्याची आमची छाती होणार नाहीं. परंतु हा पुरावा नेमकें काय सिद्ध करतो? राष्ट्राजवळ संकटकाळीं हुकमी विमानें पाहिजेत, एवढेंच. त्यासाठीं इतर तीनशें पासष्ट दिवस तोटाच झाला पाहिजे असें त्यांतून निघत नाहीं.

१९९४ सालीं जुना कायदा रद्द होऊन देशांतील आकाश खाजगी कंपन्यांस मोकळें झालें. येथून पुढें जें धोरण चाललें त्यास संरक्षणही म्हणतां येत नाहीं व खुला व्यापारही म्हणतां येत नाहीं. १९९७ सालीं परकी विमान-कंपन्यांनीं हिंदी कंपन्यांत भाग घेऊं नये असें ठरलें. टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांची संयुक्त योजना त्याच दशकांत बारगळली. २००४ सालीं नियम झाला कीं पांच वर्षें देशांत सेवा केल्यावांचून व वीस विमानें जवळ असल्यावांचून कोणत्याही हिंदी कंपनीनें परदेशीं उडूं नये. हा नियम २०१६ पर्यंत टिकला; मग पांच वर्षांची अट गेली व वीस विमानांची राहिली. आतां गंमत पाहा. हिंदी कंपनीस ही अट, पण त्याच काळांत आखाती संस्थानांच्या कंपन्यांस आमच्या शहरांतून उतारू नेण्याच्या जागा करारांनीं भराभर वाढवून दिल्या जात होत्या. म्हणजे कुंपण होतें, पण तें शेजाऱ्याच्या बैलापुढें नव्हतें, घरच्या मुलापुढें होतें. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २०११ सालच्या अहवालांत या जागा-वांटपावर, आणि त्याचबरोबर कर्जावर केलेल्या प्रचंड विमान-खरेदीवर, कडक ताशेरे मारिले.

पुढील प्रकार याहून बोधप्रद आहे. २०१२ सालीं परकी विमान-कंपन्यांस हिंदी कंपन्यांत शेंकडा ४९ पर्यंत भाग घेण्याची मोकळीक झाली. २०१३ सालीं अबूधाबीच्या एतिहादनें जेट एअरवेजचा शेंकडा २४ भाग सुमारें दोन हजार कोटींस घेतला, आणि त्याच सुमारास अबूधाबीच्या आठवड्याच्या जागा सुमारें १३ हजारांवरून तीन वर्षांत ५० हजारांपर्यंत नेण्याचें ठरलें. हे हक्क कोणा कंपनीचे नव्हते. ते राष्ट्राचे, म्हणजे तुमचे आमचे होते. त्यांच्या बदल्यांत राष्ट्रास काय मिळालें? जिच्या निमित्तानें हा व्यवहार झाला ती जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजीं बंद पडली. हजारों नोकर उघडे पडले. जागांचे हक्क मात्र जेथें गेले तेथेंच राहिले.

इकडे सरकारी कंपनीची काय अवस्था होती? २००७ सालीं दोन्ही महामंडळांचें एकीकरण झालें, आणि दोन आजारी माणसांस एका खाटेवर निजविल्यानें जें व्हावयाचें तें झालें. २०१२ सालीं तीस हजार कोटींहून अधिक मदतीची दीर्घ मुदतीची योजना मंजूर झाली. २०१८ सालीं कंपनी विकावयास काढिली तर एकही गिऱ्हाईक पुढें आलें नाहीं. अखेर २०२१ च्या आक्टोबरांत टाटांची १८ हजार कोटींची बोली मान्य झाली. त्यांपैकीं रोख रक्कम २,७०० कोटी. बाकी कर्जाचा भार उचलण्याची हमी. कंपनीवर त्यावेळीं ६१,५६२ कोटींचें कर्ज होतें. ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारच्या, म्हणजे करदात्याच्या, डोक्यावर राहिलें. हा करदाता कोण? ज्यानें आयुष्यांत विमानांत पाऊल ठेविलें नाहीं तो शेतकरी व तो कारकून यांत आहेच. गरिबाच्या पैशानें मध्यमवर्गाची व श्रीमंताची प्रवासाची हौस भागविणें यास राष्ट्रप्रेम म्हणतां येणार नाहीं.

या इतिहासावरून कित्येक असें म्हणतील कीं संरक्षणाचें नांवच काढूं नका. जो स्वस्त नेईल त्यास नेऊं द्या. हा निष्कर्षही आम्हांस मान्य नाहीं. खुल्या आकाशाचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें तेथील विमान-कंपनींत परकीयांचीं मतें शेंकडा पंचविसांहून अधिक असूं शकत नाहींत, व तिच्या दोन शहरांमध्यें परकी विमानांस उतारू वाहतां येत नाहींत. त्याच अमेरिकेच्या कंपन्यांनीं २०१५ सालीं आरोप केला कीं आखाती संस्थानांनीं आपल्या कंपन्यांस ४२ अब्ज डॉलरांची सरकारी मदत दिली. त्या कंपन्यांनीं तो नाकारला. आरोपाची रक्कम बाजूस ठेवली तरी मुद्दा उरतोच. समोरचा प्रतिस्पर्धी आपल्या कौशल्यावर लढत आहे कीं आपल्या राजाच्या खजिन्यावर, हें पाहिल्यावांचून चढाओढीस ‘खुली’ म्हणणें म्हणजे समुद्रावरची जुनीच फसवणूक आकाशांत पुन्हां करून घेणें होय. स्वस्त तिकीट प्रतिस्पर्धी असेपर्यंतच स्वस्त असतें, हें तुतिकोरिनच्या लोकांनीं शतकापूर्वींच पाहिलें आहे.

मदत कशी द्यावी याचें एक चांगलें उदाहरण अलीकडेच जर्मनींत घडलें. २०२० च्या महामारींत लुफ्थान्सा बुडण्याच्या बेतास आली, तेव्हां तेथील सरकारनें ९ अब्ज युरोपर्यंतच्या मदतीची तयारी केली. बदल्यांत कंपनीचे भाग घेतले व अटी घातल्या. पुढल्याच वर्षीं कंपनीनें कर्ज फेडलें. २०२२ सालीं सरकारनें आपले भाग नफ्यानें विकले व तें बाजूस झालें. आत शिरतांनाच बाहेर पडण्याचें दार पाहून ठेवणें, हेंच त्यांतील मर्म. आमच्या १९४८ सालच्या करारांत हें मर्म होतें. पुढें तें आम्हींच विसरलों.

तेव्हां फिस्कल कमिशनच्या कसोट्यांकडे परत येऊं. हिंदुस्थानाइतकी विस्तीर्ण भूमि, इतके उतारू, पूर्व व पश्चिम यांच्यामध्यें असें स्थान, हें पाहतां पहिली कसोटी या धंद्याइतकी क्वचितच दुसरा कोणता धंदा पुरी करील. दुसरी तो १९४८ त पुरी करीत होता, व खजिन्यावर पोसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुरती आजही करतो. सर्व घोटाळा तिसरींत झाला. संरक्षण कधीं तरी संपावयाचें आहे, ही कल्पनाच आम्ही मनांतून काढून टाकिली.

२०२२ नंतर तर या प्रश्नाचें स्वरूप आणखी बदललें आहे. एअर इंडिया आतां खाजगी आहे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत ‘विस्तारा’ तिच्यांत विलीन झाल्यावर तिचा सुमारें पाव हिस्सा सिंगापूर एअरलाइन्सकडे गेला. सरकारनें परकी विमानांस जास्त जागा नाकारल्या, तर त्याचा लाभ आतां भागधारकांच्या पदरीं पडतो व भुर्दंड रत्नागिरीच्या त्या चाकरमान्यास बसतो. म्हणून संरक्षणाचा दावा आतां पूर्वींपेक्षां अधिक कडक रीतीनें तपासला पाहिजे.

आमच्या मतें तपासाचीं सूत्रें अशीं असावीं. संरक्षण द्यावयाचें तें देशाच्या विमान-उद्योगास, एखाद्या कंपनीच्या नांवास नव्हे. घरच्या दुसऱ्या कंपनीस अडविणारा नियम संरक्षण या संज्ञेसच पात्र नाहीं. द्यावयाचें तें परक्याच्या खजिन्यापासून, परक्याच्या कौशल्यापासून नव्हे. त्याचें विमान वेळेवर सुटतें व आमचें सुटत नाहीं, हें संरक्षण मागण्याचें कारण होऊं शकत नाहीं. द्यावयाचें तें मुदतीनें, व मुदत आरंभींच जाहीर करून. आणि आकाशाचे हक्क हें राष्ट्राचें धन आहे असें समजून, ते दिले तर बदल्यांत काय घेतलें, नाकारले तर उतारूंचें भाडें किती वाढलें, याचा हिशेब दर वर्षीं संसदेपुढें ठेवावा. हा हिशेब आजवर लोकांनीं मागितला नाहीं; म्हणूनच हक्क कधीं उधळले गेले व कधीं कुलपांत पडले.

येणेंप्रमाणें मूळ प्रश्नाचें उत्तर आम्ही ‘होय’ असेंच देतों, पण तें मुदत व हिशेब या दोन अटींवर. मध्यरात्रीं विमानतळावर उभ्या असलेल्या आईबापांनीं स्वस्त तिकीट घ्यावें. त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र मुलीचें विमान दिसेनासें झाल्यावर घरीं परततांना, या आकाशाचा करार कोणीं, कोणाशीं व काय घेऊन केला, एवढें त्यांनीं आपल्या लोकप्रतिनिधीस विचारावें. संरक्षणावर पहारा ठेवणें हें काम सरकारचें नाहीं, कंपनीचें तर नाहींच नाहीं. तें त्यांचें आहे.